नांगर कोणी काढला

लोकांना वाटतं ड्रोन म्हणजे पतंग. लग्नाच्या हॉलवर तर हमखास एखादे मामा येतात, हातात आइस्क्रीमची वाटी, आणि म्हणतात, "ताई, जरा आमच्या टेबलावरून एक राउंड होऊ दे ना." टेबलाभोवती माणसं बसलेली, लहान पोरं खुर्च्यांवर चढलेली, आणि ह्यांना राउंड हवा. मी एका मामांना विचारलं होतं, तुमच्या हॉलमधला पंखा काढून डोक्यावर हातभर अंतरावर मोकळा सोडला तर चालेल का? मामा चिडले, तक्रार नवरीच्या बापापर्यंत गेली. गेली तर गेली. माझा स्वभावच तसा आहे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून, लिफ्टमध्ये अडकवलेल्या सायकलवरून जेवढी भांडणं झाली त्या सगळ्यांत मी आहे, आणि बहुतेक वेळा मी बरोबर होते.

हे काम मी शिकले ते वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीवर. गच्चीवरून उडवायचं, गच्चीवर उतरवायचं. समुद्राशी आमच्या घरात कोणाचीच ओळख नाही. आमचं मूळ गाव माणदेशातलं, तिथे विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटतात. त्यामुळे समुद्रावरचं पहिलं काम आलं तेव्हा आई पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाली, "पाण्यावर कशाला? पडलं तर शोधणार कुठे?"

नंतर मी परवान्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पण समुद्राबद्दल आईपेक्षा शहाणं वाक्य मला कोणी शिकवलं नाही. जमिनीवर चूक झाली तर ड्रोन झाडात अडकतो, कोणाच्या तरी पत्र्यावर बसतो, शिडी आणून काढता येतो. पाण्यावर चुकीला शिडी नसते. म्हणून मी वाऱ्याच्या तोंडावर जाते आणि वाऱ्याला पाठ देऊन परत येते, म्हणजे थकलेल्या बॅटरीला येताना भांडावं लागत नाही. तिसरा हिस्सा बॅटरी उरली की शॉट कितीही झकास असो, परत. लाटांच्या फार जवळ आणत नाही, कारण त्याच्या पोटाखालचे डोळे हलत्या पाण्याला फसतात, त्यांना जमीन कुठे आहे तेच कळेनासं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घर. ड्रोन जिथून उडतो ती जागा तो स्वतःचं घर म्हणून लक्षात ठेवतो. बॅटरी संपत आली, संपर्क तुटला, की तो कोणाला न विचारता त्या जागी येतो आणि खाली उतरतो. जमिनीवर ही मोठी सोय आहे. बोटीवरून उडवलं की हीच सोय गळ्याशी येते, कारण त्याने लक्षात ठेवलेली असते जागा, बोट नव्हे. बोट हलली की त्याचं घर म्हणजे नुसतं पाणी. तेव्हा बोट हलली तर रिमोटवर घराची जागा लगेच बदलायची. दोन वेळा बोट टेकवायचं, एवढंच काम.

एवढंच काम. हे मी पुढे सांगणार आहे त्यासाठी लक्षात ठेवा.

मढला शूटिंग बारा महिने चालतं. बंगले भाड्याने, किनारा भाड्याने, आणि समुद्रातला सीन असला की बोटीही भाड्याने. तिथल्या एका तांडेलाच्या बोटीवर मी तीन वर्षं काम केलं. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, तिथे त्याचा शब्द शेवटचा. हे काका साठीच्या पुढचे, अंगाने वाळलेले, आवाज मात्र इंजिनावरून ऐकू जाईल असा. बोटीत चप्पल घालून पाय टाकायचा नाही हा त्यांचा पहिला नियम. मी पहिल्या दिवशी बूट घालून चढले तर मला सगळ्यांसमोर खाली उतरवलं. मी भांडायला तोंड उघडलं, आणि ते म्हणाले, "गो बाय, तुझ्या घरात देवाजवल बूट घालून जातंस?" मी बूट काढले. माझं तोंड असं बंद करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

समुद्राचं मला जे काही कळतं ते त्यांनी शिकवलेलं. वारा किनाऱ्यावर लागतो तसा आत लागत नाही. भरती-ओहोटीचं पाणी फिरायच्या वेळी नांगरावरची बोटसुद्धा तोंड फिरवते. आणि बोट थांबली की ते आधी एक काम करायचे. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं देवाचं नाव घेत असतील. मासळी आता पूर्वीसारखी मिळत नाही, हे ते रडगाणं न लावता सांगायचे. डिझेल जाळून रिकामं परत येण्यापेक्षा शूटिंगला बोट लावलेली बरी, असं त्यांचं सरळ गणित. बोटीचं अर्धं वर्ष शूटिंगवर चालायचं आणि बोटीवर त्यांचं घर.

त्या दिवशीचा सीन असा होता की हिरो एकटाच लहान होडीत, भोवती चहूबाजूंनी समुद्र, आणि ड्रोन त्याच्याभोवती मोठा फेरा घेणार. त्या भागात उडवायची परवानगी मिळणं म्हणजे दिव्य. ती सकाळी सात ते दहा एवढ्याच वेळेची मिळाली होती. दिग्दर्शक किनाऱ्यावर तंबूत पडद्यासमोर. आमच्या बोटीवर मी, काका आणि दिग्दर्शकाचा असिस्टंट. हा असिस्टंट पंचविशीचा, हातात वॉकीटॉकी, आणि तोंडात प्रत्येक वाक्याला "मॅडम, टेन्शन नका घेऊ". चप्पल त्याने काढली नाही. काकांनी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "अरे अंकल, दोन तासांचा तर प्रश्न आहे." माझं डोकं तिथेच फिरलं होतं.

उडवायच्या आधी मी त्याला स्पष्ट सांगितलं, ड्रोन हवेत असेपर्यंत बोट नांगरावर राहील, काय वाट्टेल ते झालं तरी. तो म्हणाला, "डन मॅडम." पहिलं उड्डाण छान झालं. दुसऱ्या वेळी फेरा अर्धा झाला आणि वॉकीटॉकीतून दिग्दर्शकाचा आवाज आला, बोट फ्रेममध्ये येतेय, हटवा.

"हटणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, फक्त दोन मिनिटं. त्या बाजूला घेऊ, मग येऊ परत."

"सकाळी काय ठरलं होतं?"

"अहो, सर बोलतायत ना यार! लाइट जातोय, हिरोला साडेदहाला निघायचंय, मी काय सांगू त्यांना?"

"सांग की ड्रोनवाली नाही म्हणते. मी ड्रोन आणते परत, मग बोट हलव, मग पुन्हा उडवते."

"त्यात वीस मिनिटं जातील!"

तो काकांकडे वळला आणि नोकराला सांगावं तसं म्हणाला, "ए अंकल, निकालो अँकर." काका जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट त्यांची होती, तिथे त्यांनी कोणाचंच ऐकायचं कारण नव्हतं, पण आकाशात माझं यंत्र होतं म्हणून त्यांनी मला विचारलं.

"बाय, काढू?"

मला तेव्हा इतका संताप आला होता की मला वाद जिंकायचा होता, बाकी काही सुचत नव्हतं. मी म्हणाले, "काढा काका. काढा नांगर. होऊ दे काय व्हायचं ते, मग ह्यांच्या सरांनाच विचारते मी."

त्यांनी नांगर काढला. इंजिन लागलं, बोट वाऱ्याविरुद्ध पुढे सरकली, चांगली लांब. आणि मी? मी असिस्टंटशी भांडत होते. ठरलेली गोष्ट म्हणजे काय असते, तुमच्या सरांना पाण्यातलं काय कळतं, चप्पल काढायला सांगितलं तर तुला कमीपणा येतो का, असं सगळं. एक डोळा पडद्यावर, अंगठे आपोआप फेरा पूर्ण करतायत, आणि तोंड सुरू. माझा प्रत्येक शब्द खरा होता. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण घराची जागा मी बदलली नाही.

रिमोट ओरडायला लागला तेव्हा मी खाली पाहिलं. वारा वाढला होता, त्याने बॅटरी माझ्या हिशेबाच्या बाहेर खाल्ली होती. हिरोच्या होडीवरून निघून ड्रोन परत फिरला होता, पण आमच्याकडे नाही. तो पाठीवर वारा घेऊन आमच्या जुन्या जागेकडे चालला होता. तिथे आता काहीच नव्हतं. त्याला थांबवून वाऱ्याविरुद्ध आमच्याकडे ओढायचा, तर तेवढी बॅटरी नव्हती, वाटेतच पडला असता. हिरोच्या होडीत उतरवायचा, तर त्याच्या तोंडासमोर चार पाती फिरणार. ते मी कधीच केलं नसतं. असिस्टंट म्हणाला, "क्या हुआ मॅडम?" मी भांडण तिथेच सोडलं. पहिल्यांदाच.

"काका," मी म्हणाले, "मघाची जागा. जिथे उभे होतो ती. अगदी तीच."

पाण्यावर जागा कशी दाखवणार? बोट करून "तिथे" म्हणाले तरी सगळीकडे तिथेच. पण काकांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. बोट गर्रकन फिरवली, इंजिन पूर्ण जोरात सोडलं, आणि ड्रोनकडे एकदाही न बघता ते किनाऱ्याकडे बघत राहिले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग इंजिन मंद केलं, बोट थोडी आडवी घेतली, आणि म्हणाले, "इथंच."

मी वर पाहिलं. ड्रोन बरोबर आमच्या डोक्यावरून खाली येत होता. मी हात उंच केले, तो बोटीला टेकायच्या आधी पोटाखालून धरला आणि बंद केला. मी खाली बसले ती तशीच, ओल्या दोरांवर.

काका नंतर म्हणाले, त्यात काय. चर्चचा क्रॉस आणि मागचा मोबाइलचा टॉवर एका रेषेत आले पाहिजेत, आणि दुसरीकडे बंगल्याचं निळं छप्पर त्या टोकाच्या माडाखाली. दोन्ही जुळलं की तीच जागा. पाण्यात टाकलेलं जाळं असंच शोधतात. बोट थांबली की ते जे पुटपुटायचे ते हे होतं. देवाचं नाव नव्हे. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर म्हणाले, "चल उठ, येडी."

हे इथे संपायला हवं होतं. पण परवानगीच्या अटींमध्ये असं होतं की उड्डाणात काही गडबड झाली तर लेखी कळवायचं, आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी पाहिलं होतं की ड्रोन एकीकडे आणि बोट दुसरीकडे. दुपारी जेवणाच्या तंबूत असिस्टंटने मला फोनवर मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं की बोटचालकाने कोणाच्याही सूचनेशिवाय नांगर उचलून बोट हलवली, त्यामुळे धोका निर्माण झाला, पायलटच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला.

मी ताट आपटलं. "कोणाच्या सूचनेशिवाय? तू सांगितलंस! मी सांगितलं! आणि प्रसंगावधान माझं? तो माणूस नसता तर आता तुझा कॅमेरा खेकडे चालवत असते!"

शेजारच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. तो अजिबात चिडला नाही. हळूच म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. मग काय लिहू सांगा. असिस्टंटने सांगितलं? मग सरांचं नाव येतं, आणि माझं काम जातं. पायलटने हो म्हटलं, पण होम पॉइंट अपडेट केला नाही? ते लिहू? ते तर तुमच्या रिमोटच्या रेकॉर्डमध्ये दिसतंयच. लायसन्स तुमचं आहे." मग खांदे उडवून म्हणाला, "अंकलकडे लायसन्स नाही, काही नाही. त्यांना काय फरक पडतो? दुसरं शूटिंग मिळेल."

असलं बोलणं ऐकून माझ्यासारखीने काय करायला हवं होतं? तो फोन खाऱ्या पाण्यात फेकायला हवा होता. मी त्याला पुष्कळ बोलले. माणुसकी, लाज, वय, सगळं काढलं. बोलता बोलता मला दिसत होतं की मी मोठ्या आवाजात बोलतेय, पण "लिही, माझं नाव लिही" हे चार शब्द काही तोंडातून निघत नाहीयेत. परवान्यासाठी घालवलेली दोन वर्षं आठवली. घरचा हप्ता आठवला. वस्तीतली पहिली ड्रोन पायलट म्हणून झालेला सत्कार, आईने शोकेसमध्ये ठेवलेलं ते ट्रॉफीचं ध्यान, तेही आठवलं. आणि मग मी पडद्यावर बोटाने सही केली. दोन वेळा बोट टेकवायचं, एवढंच काम.

काका तेव्हा जेट्टीवर बोट धूत होते. मी जाताना हात केला. त्यांनीही केला.

पुढे सात-आठ महिने मला मढचं काम आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. मग एका जाहिरातीसाठी बोलावणं आलं. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, बोट त्याच काकांची घ्या. प्रॉडक्शनची बाई नवीन होती, माझ्यापेक्षा पुष्कळ सभ्य. ती म्हणाली, "नाही हो, ते नकोत. त्यांच्यावर रिपोर्ट आहे. ड्रोन हवेत असताना मनाने बोट हलवली म्हणे. आता कोणीच घेत नाही त्यांना, सगळ्यांच्या ग्रुपवर आहे ते." आणि वर मलाच समजावलं, "तुमच्याच सेफ्टीसाठी आहे ना."

मी तिच्यावर भडकले. एका माणसाचं काम कागदाच्या एका ओळीवर बंद करता, विचारलंत का त्याला? चौकशी केलीत? मी अशी तावातावाने बोलत असताना कोणी मला बाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय बाई आहे.

काम संपल्यावर मी कोळीवाड्यात गेले. काका घरासमोर जाळं शिवत बसले होते. बोट किनाऱ्यावर ओढलेली, तिच्या बुडाला रंग लावायचा राहिलेला. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. काकींनी चहा आणला, वर तळलेले बोंबील. कुठे होतीस, सुकलीस, लग्नबिग्न केलंस की नाही, सगळं विचारून झालं. मी सांगायला आले होते. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती.

काका जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाय, शूटिंगवाले हल्ली मना बोलवीत नाय. फोन केला तर उचलीत नाय. मी काय वाकडा बोल्लो काय कोनाला? त्या पोराला चपलेवरून बोल्लो, ता त्याला लागला असल काय?"

"तसं काही नसेल, काका," मी म्हणाले.

"मग काय? काय चूक झायली ती तरी कलू दे. चूक असल तर मी माफी मागन. तू त्यांच्यात वावरतंस. येवढा विचार माझ्यासाठी."

हीच वेळ होती. चहा माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. आयुष्यात ज्या ज्या माणसाशी भांडले त्यांतल्या एकाहीसमोर माझा आवाज अडला नव्हता. इथे तर भांडायचंही नव्हतं, नुसतं सांगायचं होतं.

"विचारते," मी म्हणाले.

काकांचा चेहरा उजळला. दारात उभ्या काकींकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "बघ, मी तुला बोल्लेलो ना? ही विचारल. ही कोनाच्या बापाला भीत नाय."